सही कुणासमोर झाली? खेळाडूंच्या सहीची कार्डं विकणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
खेळाडूंच्या सहीची कार्डं छापणाऱ्या कंपन्या, ती ऑनलाइन आणि लिलावात विकणारे व्यापारी, आणि त्या सह्यांना प्रमाणपत्रं देणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

नातीसाठी घेतलेल्या कार्डावरची सही खरी आहे का, ही शंका मी तुमच्यातल्या एका विक्रेत्याला विचारली होती. गेल्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. ‘कार्डासोबत प्रमाणपत्र दिलेले आहे. प्रमाणपत्र अंतिम असून त्याबाबत तक्रार स्वीकारली जात नाही.’ खाली कुणाचं नाव नाही, हुद्दा नाही, सही नाही. सात महिने मी पत्रं लिहीत होते, फोटो पाठवत होते, फोनवर ताटकळत होते. त्या सगळ्याला हे उत्तर.

त्या विक्रेत्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते जिथे द्यायचं तिथे, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगात, देणार आहे. खेळाडूचंही नाव लिहीत नाही, कारण त्या खेळाडूचा यात काहीच दोष नाही. एका दुकानाची गोष्ट असती तर हे पत्र मी चारचौघांसमोर ठेवलंच नसतं. पण चौकशी करायला लागल्यापासून दिसलं ते असं, की या धंद्यात प्रमाणपत्र हाच शेवटचा शब्द मानायची सर्रास पद्धत पडली आहे, आणि त्या प्रमाणपत्रामागे कोण उभं आहे हे विचारायची सोय कुणीच ठेवलेली नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

मी सांगलीच्या गावभागात राहते. ३४ वर्षं एका सहकारी बँकेत नोकरी केली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं चेक पास करण्याच्या टेबलावर गेली. संगणकावर सही दिसायला लागली ती फार पुढे. आमच्या वेळी लाकडी खणात खातेदारांची नमुना सहीची कार्डं लावलेली असायची. चेक आला की खण ओढायचा, कार्ड काढायचं, दोन्ही शेजारी ठेवायचं. काही म्हाताऱ्या खातेदारांच्या सह्या मोडीत असायच्या. मला मोडी वाचता येत नव्हती, पण त्या सह्या मी ओळखायचे. सही वाचायची नसते, तिची चाल बघायची असते, हे मला तिथेच कळलं.

आता घरातली गोष्ट सांगते.

माझी नात तेरा वर्षांची आहे. डावखुरी आहे, सलामीला खेळते. माधवनगरची स्मृती मानधना भारताकडून खेळायला लागल्यापासून आमच्याकडे पहाटे किटबॅग घेऊन निघालेल्या मुली दिसणं नवीन राहिलेलं नाही. ही त्यातलीच एक. तिला कार्डांचा नाद आहे. आधी पाकिटातून निघणारी साधी कार्डं जमवायची, मैत्रिणींशी अदलाबदल करायची. मग एका आवडत्या खेळाडूचं सही केलेलं कार्ड तिला ऑनलाइन दिसलं. किंमत ६,८०० रुपये. तिच्याजवळ दोन दिवाळ्यांची ओवाळणी आणि एका स्पर्धेत मिळालेलं बक्षीस मिळून ४,१०० रुपये होते. उरलेले मी घातले. ‘सही खरी असेल ना गं आजी?’ असं तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, प्रमाणपत्र आहे, होलोग्राम आहे, खरीच असणार. ३४ वर्षं सह्या तपासलेल्या बाईनं हे सांगितलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

कार्ड आलं ते देखणंच होतं. जाड, चकचकीत, कडक प्लास्टिकच्या खोळीत घातलेलं. खालच्या बाजूला रुपेरी पट्टी आणि तिच्यावर निळ्या मार्करनं केलेली सही. दीड महिना ते तिच्या अभ्यासाच्या टेबलावर उभं होतं. मग तिच्याबरोबर खेळणारी मिरजेची एक मुलगी घरी आली. तिनंही तेच कार्ड त्याच विक्रेत्याकडून घेतलं होतं आणि दाखवायला आणलं होतं. दोघींनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. मी चहा घेऊन आले, सहज वाकून पाहिलं आणि कप खाली ठेवला.

दोन्ही सह्या एकच होत्या.

सारख्या नव्हे, एकच. नातीच्या चित्रकलेच्या सामानातून ट्रेसिंग पेपर मागवला. पहिल्या कार्डावरची सही बारीक पेन्सिलीनं उतरवून घेतली आणि तो कागद दुसऱ्या कार्डावर ठेवला. पहिल्या अक्षराचा वळसा, मधली गाठ, शेवटचा फराटा, सगळं रेघेवर रेघ बसलं. आमच्या शेजारचं घर विट्याकडचं, पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यातलं. त्यांच्याकडून सोनं बघायचं दहा पट भिंग आणलं. मार्करची रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीची होती. जिथे सही सुरू झाली तिथे शाईचा गोल ठिपका, जिथे संपली तिथेही तसाच ठिपका. माणूस भरभर सही करतो तेव्हा हात आधीच चालत असतो, पेन नंतर टेकतं. आणि उचलतानाही हात थांबत नाही. म्हणून खऱ्या सहीची टोकं निमुळती होतात, उंदराच्या शेपटीसारखी. ठिपका पडतो तो पेन टेकवून, थांबवून मग चालवलं तर. तसं एक तर सही उतरवणारं यंत्र करतं, नाही तर गिरवणारा माणूस करतो.

तुमच्या विक्रेत्यानं फोनवर मला सांगितलं, ‘मॅडम, दोन सह्या तंतोतंत जुळतात, म्हणजे खऱ्याच आहेत की.’ हा गैरसमज फार लोकांचा आहे, म्हणून बँकेतला एक प्रसंग सांगते.

वाळवा तालुक्यातले एक हळदवाले शेतकरी आमचे जुने खातेदार होते. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि हात थरथरायला लागला. एकदा एकाच दिवशी त्यांचे दोन चेक टेबलावर आले. एकावरची सही वेडीवाकडी, ओळ सोडून खाली घसरलेली. दुसऱ्यावरची अगदी नमुना कार्डावर होती तशी, पंधरा वर्षांपूर्वीची. माझ्याबरोबरचा नवा मुलगा म्हणाला, पहिला परत करूया, दुसरा पास करूया. मी उलट केलं. वेड्यावाकड्या सहीत अक्षरांचा क्रम त्यांचा होता, आडनावाच्या आधी पेन उचलायची सवय त्यांची होती, शेवटी दोन टिंबं द्यायची लकब त्यांची होती. दुसरी सही नुसती दिसायला सारखी होती. शहानिशा करायला त्यांना बोलावून घेतलं. ते आले, चष्मा लावून दुसरा चेक बघितला आणि म्हणाले, ‘बाई, माझा हात आता एवढा सरळ चालतोय व्हय?’ कार्डावरचा नमुना कुणीतरी काचेवर धरून गिरवला होता. कुणी, ते इथे सांगत नाही. घरातलंच प्रकरण होतं आणि घरातच मिटलं.

कुठलाही माणूस आयुष्यात दोनदा तंतोतंत एकसारखी सही करत नाही. बँकेतल्या कारकुनाला हे माहीत असतं, न्यायालयात हस्ताक्षर तपासणाऱ्या तज्ज्ञाला माहीत असतं. दोन सह्या एकमेकींवर हुबेहूब बसल्या की तपासणारा सावध होतो. आणि तुम्ही मात्र तोच खरेपणाचा पुरावा म्हणून पुढे करता.

नातीच्या कार्डावरची सही खोटीच आहे, अशी शपथ मी घेत नाही. एवढंच म्हणते की त्या दोन्ही सह्या एका हातानं दोन वेळा केलेल्या नाहीत. त्या कशा झाल्या, कुणी केल्या, कुठे, कुणासमोर, हे सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. सात महिन्यांत ते सांगितलं गेलं नाही.

आता माझ्या तक्रारी एकेक मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार प्रमाणपत्राची. जो विकतो तोच प्रमाणपत्र देतो. आमच्या प्रमाणपत्रावर छान किनार आहे, सोनेरी शिक्का आहे, होलोग्राम आहे, आकडा आहे. काय नाही? सही कोणत्या तारखेला झाली, कुठे झाली, ती होताना समोर कोण होतं, आणि नंतर तपासली असेल तर कुणी, कशाशी ताडून तपासली. म्हणजे जे असायला हवं तेच नाही. होलोग्राम तर कुणीही छापून घेऊ शकतो. तो आकडा घालून बघावा अशी जागा विक्रेत्याच्या साइटवर आहे. आकडा घातला की ‘ऑथेंटिक’ एवढाच शब्द येतो. सहीचा फोटोसुद्धा नाही.

दुसरी तक्रार चिकटपट्टीची. गिऱ्हाईकाला वाटतं, खेळाडूनं हे कार्ड हातात घेतलं आणि त्यावर सही केली. काही कार्डांच्या बाबतीत तसं होतंही. पण बऱ्याच कार्डांच्या बाबतीत खेळाडूकडे कार्ड जातच नाही. पारदर्शक किंवा रुपेरी स्टिकरचे ताव जातात, तो शंभर-दोनशे सह्या करून परत पाठवतो आणि कंपनी ते स्टिकर कार्डावर लावते. यात फसवणूक आहेच असं नाही, खर्चाची आणि वेळेची ती सोय आहे. पण मग ताव गेला त्या खोलीत कोण होतं? सह्या खेळाडूनंच केल्या, त्याच्या मॅनेजरनं किंवा भावानं नाही, हे कुणी पाहिलं? उरलेल्या स्टिकरांचं काय झालं? आणि ‘ही सही स्टिकरवरची आहे’ हे गिऱ्हाईकाला विकत घेण्याआधी ठळक अक्षरांत का सांगत नाही? आम्हाला ते कार्ड भिंगाखाली धरल्यावर कळलं.

तिसरी, छापील सह्यांची. कितीतरी कार्डांवर सही ही चित्राचाच भाग म्हणून छापलेली असते. भिंगातून बघितलं की रंगाचे बारीक ठिपके दिसतात. कंपनीनं तसं कार्ड काढण्यात काही वावगं नाही. पण तीच कार्डं पुढे दुसऱ्या हातानं विकताना ‘साइन्ड’ या शब्दाखाली जातात आणि मुलं पैसे मोजतात. मागच्या बाजूला ‘सही छापील आहे’ एवढे तीन शब्द छापायला किती शाई लागते?

चौथी तक्रार हयात नसलेल्या खेळाडूंबद्दल आहे, आणि ती या भागातली बाई म्हणून मला जास्त लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ साली ते गेले. कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य आणलं. विजय हजारे सांगलीत जन्मले. १९४८ मध्ये अॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५, आणि १९५२ साली मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच. ही माणसं आता ‘ही सही माझी नाही’ असं सांगायला येऊ शकत नाहीत. अशांच्या नावाची ‘दुर्मीळ’ सही कुणी विकायला काढली, तर तिला आव्हान कोण देणार? ताडून बघायला खात्रीचा नमुना कुठे आहे? नमुना कार्डाशिवाय चेक पास करायला मला कुणी सांगितलं असतं, तर मी तो बाजूला ठेवून दिला असता.

इथे वडिलांच्या वहीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते तरुणपणी बडोद्याला नोकरीला होते. तिथे त्यांनी विजय हजारे यांची सही घेतली. लहान आखीव वही, सही दौतीच्या शाईच्या पेनानं केलेली. एका जागी शाई कागदात फुटली आहे, हजारे यांनी तिथे क्षणभर पेन रेंगाळू दिलं असावं, आणि मग शेवटाकडे रेघ इतकी हलकी होत गेली आहे की कागद तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. खाली वडिलांच्या अक्षरात तारीख आहे, ‘बडोदे, मैदानाबाहेर, सायंकाळी’ असं आहे, आणि बरोबर असलेल्या दोन मित्रांची नावं आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली, तेव्हा सासूबाईंच्या औषधांबरोबर मी माळ्यावरची ती वही आधी पिशवीत घातली. नावेत बसताना ती माझ्या पोटाशी होती.

मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याला ती वही दाखवली. विकायची नव्हती, त्याचं मत हवं होतं. त्यानं पान उलटून पाहिलं आणि म्हणाला, ‘सर्टिफिकेट नाही ना, मग काही उपयोग नाही. हवं तर आम्ही बनवून देऊ.’ न तपासता बनवून देऊ! तारीख, ठिकाण आणि साक्षीदार लिहिलेल्या सहीला बाजारात किंमत नाही. यातलं एकही न लिहिलेल्या सहीला ६,८०० रुपये. हा उलटा न्याय तुम्ही रूढ केला आहे, आणि माझं सगळं भांडण त्याच्याशी आहे.

पाचवी तक्रार थोडक्यात. शंका आली तर सही खोटी असल्याचं गिऱ्हाईकानं सिद्ध करायचं, असं तुम्ही म्हणता. तपासणीचा खर्च त्याचा, टपाल त्याचं, आणि निकाल त्याच्या बाजूनं लागला तरी तुम्ही तो मानणार नाही, कारण ‘प्रमाणपत्र अंतिम’. तेरा वर्षांच्या मुलीनं हे सगळं कसं करावं?

आमच्यासारख्यांना ‘तुम्हाला या क्षेत्रातलं कळत नाही’ असं सांगितलं जातं, म्हणून मी वाचन केलं. ज्या अमेरिकेतून ही कार्डांची पद्धत आपल्याकडे आली, तिथे हे सगळं होऊन गेलेलं आहे. १९९० च्या दशकात एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोठी मोहीम काढली आणि खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धा होते. बहुतेक मालाला प्रमाणपत्रं होती, हे विशेष. सॅन दिएगोचा नावाजलेला फलंदाज टोनी ग्विन याला तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या सापडल्या. त्यानंतर २००१ पासून तिथल्या मेजर लीग बेसबॉलनं पद्धत बदलली. सही होताना तटस्थ साक्षीदार समोर हजर असतो, तो बहुधा आजी किंवा माजी पोलिस असतो. तो समोरच आकड्याचा होलोग्राम लावतो आणि तो आकडा घालून कुणालाही नोंद बघता येते. नंतर बघून अंदाज बांधायचा नाही, होताना बघायचं. आमच्या बँकेतही नमुना सही खातेदाराकडून अधिकाऱ्यासमोरच घेतली जायची, घरी पाठवून नाही.

आणि कंपनीनंच पाकिटात घातलेलं कार्ड असलं म्हणजे सही खरीच, असंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकी फुटबॉलपटू डॅक प्रेस्कॉट याच्या सहीच्या पानिनी कंपनीच्या काही कार्डांबाबत हा प्रश्न उभा राहिला. बेकेट या तपासणी संस्थेच्या तज्ज्ञांना त्या सह्या यंत्रानं केल्यासारख्या दिसल्या आणि त्यांनी त्या प्रमाणित करायला नकार दिला. त्याबद्दल वाचताना मला माझ्या टेबलावरची दोन कार्डं दिसत होती.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं म्हणू नका. सोन्याच्या बाबतीत जमलं आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोन्याला कस लावल्याशिवाय विश्वास ठेवू नये हे या जिल्ह्याला शिकवायला नको. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये घातला की दागिना कुणी नोंदवला, कुठल्या केंद्रात तपासला, शुद्धता किती, हे दिसतं. सराफ आपलाच शिक्का मारून ‘हे अंतिम’ म्हणू शकत नाही. तपासणारं केंद्र वेगळं असतं.

कायदाही अगदीच मुका नाही. खोटी सही करून ती खरी म्हणून विकणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. कलम ३३६ बनावटीकरणाचं, ३१८ फसवणुकीचं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. मला पहिली पोच यायला पाच आठवडे लागले. आणि जे वाचक माझ्यासारखे अडकले असतील त्यांनी लक्षात ठेवावं: ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठल्याही शहरातला असो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कार्ड, खोळ, पाकीट, पावती, काहीही फेकू नका. कार्डावर भिंगाशिवाय दुसरं काही लावू नका, पुसू तर मुळीच नका.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक सहीच्या कार्डाबरोबर तारीख, ठिकाण आणि सही होताना हजर असलेल्या माणसाचं नाव द्या. तो माणूस विक्रेत्याचा नोकर नसावा. सही थेट कार्डावर आहे, स्टिकरवर आहे, यंत्रानं केली आहे की छापील आहे, हे जाहिरातीतच मराठीतून, मोठ्या अक्षरांत लिहा. प्रत्येक सहीचा मोठा, स्पष्ट फोटो त्या आकड्याखाली सर्वांना दिसेल असा ठेवा. एवढं केलं तरी एकच सही दोन कार्डांवर विकण्याचा प्रकार आपोआप उघडा पडेल, त्याला माझ्यासारखी निवृत्त बाई लागणार नाही. साक्षीदार नसलेली जुनी सही विकायची असेल तर तपासणाऱ्याचं नाव आणि त्यानं ती कोणत्या खात्रीच्या नमुन्याशी ताडली, हे लिहा. ‘प्रमाणपत्र अंतिम’ हे वाक्य आजच काढा. गिऱ्हाईकानं कारण देऊन शंका घेतली तर तपासणी तुमच्या खर्चानं, तिसऱ्या माणसाकडून व्हावी, आणि तोवर त्या मालाची विक्री थांबवावी. शंका खरी ठरली तर पूर्ण पैसे परत, आणि त्या खेपेतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळवणं. तक्रार करणाऱ्या एकट्याला गुपचूप पैसे देऊन गप्प करणं मला मान्य नाही. मला तसं सुचवलं गेलं होतं. मी नाही म्हटलं.

राज्याच्या क्रीडा विभागाला आणि सातारा-सांगलीच्या जिल्हा क्रीडा कार्यालयांना एक वेगळी विनंती. आपल्याकडच्या खेळाडूंच्या खात्रीच्या सह्यांचा नमुना संग्रह करा. शिवछत्रपती पुरस्काराच्या अर्जांवर, जुन्या प्रवेशपत्रिकांवर, तालमींच्या वह्यांत, घरच्यांनी जपलेल्या पत्रांत या सह्या आहेत. कुटुंबांच्या संमतीनं त्यांचे फोटो काढा, कुठून मिळाल्या ते लिहा आणि संबंधित कार्यालयात ठेवा. महापुरात आमच्या भागातले किती कागद गेले ते आम्हालाच माहीत आहे. उरलेले आता तरी जपले पाहिजेत. पहिला नमुना म्हणून वडिलांच्या वहीतलं पान मी द्यायला तयार आहे, फोटोसाठी.

आणि खेळाडूंना: तुमच्या सहीचे पैसे तुम्हाला मिळतात, ते मिळावेतच. पण सही समोरासमोर करा, ताव कुणाच्या हाती जातो ते बघा, आणि आपल्या नावानं काय काय विकलं जातं यावर अधूनमधून नजर टाका. तुमची एक ओळ, ‘ही सही माझी नाही’, आमच्या शंभर अर्जांपेक्षा जास्त काम करेल.

नातीनं ते कार्ड टेबलावरून काढलं आहे. फेकलं नाही, फाडलं नाही. मी सांगितलं की तो पुरावा आहे, तेव्हा तिनं ते खोळीसकट एका खाकी लिफाफ्यात घातलं आणि वर तारीख टाकली. मिरजेच्या मुलीचं कार्डही त्याच लिफाफ्यात आहे. येत्या सोमवारी दोन्ही मी आयोगात दाखल करणार आहे. त्याआधी तुमच्यापैकी कुणाला ती बघायची असतील तर घरी या. भिंग आहे, ट्रेसिंग पेपर आहे, दोन्ही मुलींना समोर बसवून बघू.

उत्तर द्यायचं असेल तर लेखी द्या, आणि त्यावर सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा असू द्या.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
गावभाग, सांगली